सावलीतली कुंडी आणि पाण्याचा हिशेब

कमी उन्हात ठेवलेलं कुंडीतलं रोप बहुतेक वेळा उन्हावाचून मरत नाही, पाण्यानं मरतं. मला हे एक टोमॅटोचं रोप गमावून कळलं. कोपऱ्यात सकाळी जेमतेम दोन-तीन तास ऊन यायचं. पानं पिवळी पडू लागली, माना टाकू लागली, म्हणून मी पाणी वाढवत गेले. शेवटी कुंडी उपडी केली तेव्हा मातीला कुबट वास येत होता. मुळं तपकिरी पडली होती आणि चिमटीत धरून ओढली की साल हातात यायची. तहानेची म्हणून जी लक्षणं मी वाचत होते, ती गुदमरण्याची होती.

मूळ चूक डोळ्यांची असते. निरभ्र दुपारी उन्हात साधारण 1,00,000 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. चार पावलांवर, भिंतीच्या सावलीत पण उघड्या आभाळाखाली, तो 10,000 ते 20,000 वर येतो. संध्याकाळी दिवे लावलेल्या खोलीत काहीशेच लक्स असतात, तरी तिथे आपण खुशाल वाचत बसतो. डोळे उजेडाशी जुळवून घेतात, त्यामुळे हा फरक आपल्याला जाणवतच नाही. पानाला तशी सोय नाही. तिथे आलेल्या प्रकाशकणांवरच सगळं भागवायचं असतं.

आता पाण्याकडे या. मुळांनी ओढलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी पानांतून वाफ होऊन निघून जातं. ही वाफ उन्हाच्या जोरावर होते. ऊन घटलं की पान थंड राहतं, त्यावरची छिद्रं कमी उघडतात आणि रोपाचं पाणी पिणं मंदावतं. आपलं घालणं मात्र ठरल्या वेळी, ठरल्या तांब्यानं चालूच राहतं.

जमिनीत जादा पाणी खाली झिरपून जातं. कुंडीत ते तळाशी अडतं, भोक मोकळं असलं तरी. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा, पुन्हा थेंब पडू लागतील. मातीतली बारीक छिद्रंही तशीच पाणी धरून ठेवतात आणि सगळ्यात खालचा काही थर भरलेलाच राहतो. हा थर किती जाड, हे मातीच्या कणांवर ठरतं, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत ओल्या थराचा वाटा मोठा असतो. तळाशी खडी घालण्याची जुनी सवय इथे उपयोगाची नाही, कारण बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही आणि ओला थर उलट वर सरकतो. त्यापेक्षा सगळी मातीच भरड करावी. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट हळू पसरतो. मुळं गुदमरतात ती त्यामुळे.

मी आता कुंडी उचलून पाहते. पाणी घातल्यावरचं वजन एकदा हाताला कळलं की कोरडी कुंडी उचलताच लक्षात येते. वरची माती सुकलेली दिसली तरी खाली ओल असू शकते. मोठी कुंडी उचलत नाही, तिथे बोट पेरभर खोल घालायचं.

रोप सावली आणखी एका तऱ्हेनं ओळखतं. शेजारच्या पानांतून गाळून आलेल्या उजेडातला तांबडा भाग शोषला गेलेला असतो, तर डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद तांबडा भाग पार होतो. फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य या दोन्हींचं प्रमाण मोजतं. गडद तांबडा वाढला की खोड भराभर उंच, बारीक होत जातं. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्या तर रोपं लांबुळकी होतात ती याच हिशेबानं. भिंतीच्या सावलीत उजेड घटतो, पण रंगाचं हे गणित फारसं बिघडत नाही. म्हणूनच कुंड्यांत अंतर ठेवणं, शक्य असेल तर पांढऱ्या भिंतीजवळ ठेवणं, याचा खरोखर उपयोग होतो.

फुलण्याचा प्रश्न निराळा. ज्यूलिएं टूर्नवा हा फ्रेंच संशोधक 1910 नंतरच्या काही वर्षांत भांग आणि हॉप (बीअरमध्ये वापरतात ती वेल) या वनस्पतींवर काम करत होता. थंडीच्या दिवसांत काचघरात वाढवलेली भांगेची रोपं वीतभर असतानाच फुलत. दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं हे त्यामागचं कारण असावं, असं त्यानं मांडलं. पुढे पहिल्या महायुद्धात तो मारला गेला आणि काम तिथेच थांबलं. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनच्या प्रयोगांतून, फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हा नियम मांडला. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर या आणखी दोघा संशोधकांनी लांब रात्रीच्या मध्यात काही मिनिटं उजेड पाडला आणि प्रयोगातल्या रोपांनी फुलणं थांबवलं. म्हणजे रोपं दिवस नव्हे, अखंड रात्र मोजत होती; टूर्नवाची अटकळ बरोबर होती. मला या माणसाबद्दल फार हळहळ वाटते.

भांगेची लागवड अनेक देशांत परवान्याशिवाय करता येत नाही, पण तिनं दाखवलेली गोष्ट शेवंतीलाही लागू पडते. दिवसा ऊन थोडं असलं तर फुलं थोडी येतील. रात्री रस्त्यावरचा दिवा थेट कुंडीवर पडत असेल तर कळ्या यायलाच उशीर होईल किंवा त्या येणारच नाहीत. अशा कुंडीला जास्त ऊन शोधण्याआधी अंधारा कोपरा शोधावा. भांगेच्या काही जाती मात्र रात्र मोजत नाहीत, ठरावीक वयाच्या झाल्या की फुलतात.

आणि सावलीतली कुंडी एकदम भर उन्हात नेऊ नका. सावलीत तयार झालेलं पान पातळ आणि रुंद असतं. त्यात प्रकाश पकडणाऱ्या उभ्या पेशींचे थर कमी असतात, ते नंतर वाढत नाहीत. कडक उन्हात ते पांढुरकं पडून करपतं. रोज थोडं थोडं पुढे सरकवत राहिलं तर जुनी पानं कशीबशी टिकतात आणि नवी पानं जाड होऊन येतात.