थॅनेट डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुका

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला, केंट काउंटीत, थॅनेट डिस्ट्रिक्ट कौन्सिल ही स्थानिक स्वराज्य संस्था आहे. मार्गेट, रॅम्सगेट आणि ब्रॉडस्टेअर्स ही समुद्रकाठची तीन शहरे व त्यांच्या आसपासची खेडी तिच्या हद्दीत येतात. कौन्सिलची पहिली निवडणूक १९७३ साली झाली. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावे असे म्हणणाऱ्या युनायटेड किंगडम इंडिपेंडन्स पार्टीला, म्हणजे युकिपला, डिस्ट्रिक्ट पातळीवर स्पष्ट बहुमत मिळवून देणारी ही एकमेव कौन्सिल, आणि २०१५ च्या त्या निकालामुळेच थॅनेटचे नाव देशभर गाजले. मात्र तो निकाल आधीची चाळीस वर्षे आणि नंतरची तीन वर्षे यांच्यासकट वाचला तरच नीट उमगतो. या कौन्सिलमध्ये सत्ता मतदानाच्या दिवशी जितकी ठरली, तितकीच दोन निवडणुकांच्या मधल्या काळात फिरली आहे.

'डिस्ट्रिक्ट' म्हणजे आपला जिल्हा असे समजल्यास घोटाळा होतो. इंग्लंडच्या दुपदरी भागांत वरचा स्तर काउंटीचा. शाळा, रस्ते, वृद्ध व निराधारांची देखभाल ही कामे तिच्याकडे असतात. डिस्ट्रिक्ट हा खालचा स्तर. कचरा उचलणे, सार्वजनिक घरे, बांधकामाची परवानगी, जमिनीच्या वापराचा स्थानिक आराखडा आणि कौन्सिल टॅक्सची वसुली ही त्याची कामे. यांतला स्थानिक आराखडा हा विषय कोरडा वाटतो खरा, पण थॅनेटमधले एक सरकार पडले ते याच आराखड्यावरून.

१९७२ च्या लोकल गव्हर्नमेंट ॲक्टने इंग्लंडच्या स्थानिक कारभाराचा नकाशा नव्याने आखला. मार्गेटला १८५७ पासून आणि रॅम्सगेटला १८८४ पासून स्वतःची नगरपालिका होती. या दोन्ही नगरपालिका, ब्रॉडस्टेअर्स अँड सेंट पीटर्सचा शहरी विभाग आणि ईस्ट्री ग्रामीण विभागातली काही गावे एकत्र करून थॅनेट डिस्ट्रिक्ट तयार झाले. पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी चढाओढ करणारी ही शहरे कायद्याच्या एका फटक्यात एका छताखाली आली. कौन्सिलचे मुख्यालय मार्गेटला गेले. आपल्या बंदराचा, आपल्या किनाऱ्याचा पैसा दुसऱ्या गावावर खर्च होतो ही कुरबूर पुढे प्रचारात कायम राहिली. पहिले मतदान ७ जून १९७३ रोजी झाले. निवडून आलेले सदस्य जुन्या संस्थांच्या जोडीने तयारी करत राहिले आणि १ एप्रिल १९७४ पासून त्यांनी प्रत्यक्ष कारभार हाती घेतला.

इंग्लंडमधल्या बऱ्याच डिस्ट्रिक्टांत चारपैकी तीन वर्षांत दरवर्षी एक तृतीयांश सदस्य निवडले जातात. थॅनेटमध्ये मात्र सगळी कौन्सिल एकदमच निवडली जाते. १९७६ आणि १९७९ मध्ये, आणि त्यानंतर दर चार वर्षांनी, मे महिन्यातल्या एका गुरुवारी, हे मतदान होत आले आहे. २००३ पासून २३ वॉर्ड आणि ५६ सदस्य अशी रचना आहे. किंग्जगेटसारख्या वॉर्डातून एकच सदस्य येतो, काही वॉर्डांतून दोन, तर क्लिफ्टनव्हिल वेस्ट किंवा थॅनेट व्हिलेजेससारख्या वॉर्डांतून तीन. महाराष्ट्रातल्या महापालिकांच्या बहुसदस्यीय प्रभागात अ, ब, क, ड अशा जागा असतात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळे मत देतो. तिथे तसे नाही. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर असतात, जितक्या जागा तितक्या फुल्या मतदार पेन्सिलीने मारतो आणि सर्वाधिक मते मिळालेले पहिले दोघे किंवा तिघे निवडून येतात. बहुतेक लोक एकाच पक्षाच्या सगळ्या नावांपुढे फुल्या मारतात, त्यामुळे थोड्याशा आघाडीवरही अख्खा वॉर्ड एका पक्षाकडे जातो. थॅनेटच्या निकालांत दिसणाऱ्या मोठ्या उलथापालथींचे निम्मे गुपित या पद्धतीत आहे.

मतदार कोण, याबाबतची एक गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असलेली बरी. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तिथे मतदानाचा हक्क आहे. तेव्हा भारतीय पासपोर्टवर तिथे राहणारा माणूसही यादीत नाव नोंदवून या निवडणुकीत मत देऊ शकतो. तिकडे नव्याने गेलेल्या अनेकांना हे माहीतच नसते.

पहिली वीसेक वर्षे थॅनेटच्या राजकारणावर हुजूर पक्षाची छाप होती आणि जोडीला अपक्षांचेही वजन होते. स्वस्त परदेशी सहलींमुळे किनाऱ्यावरचा पर्यटनाचा धंदा बसला, हॉटेले आणि लॉज ओस पडले, आणि बेकारी केंटमधल्या इतर भागांपेक्षा जास्त राहिली. १९९५ साली राष्ट्रीय वारे मजूर पक्षाच्या बाजूने वाहत असताना त्या पक्षाने कौन्सिल जिंकली. दोनच वर्षांनी पार्लमेंटच्या साउथ थॅनेट मतदारसंघात स्टीफन लेडीमन यांनी माजी मंत्री जोनाथन एटकेन यांचा पराभव केला. २००३ मध्ये सत्ता पुन्हा हुजूर पक्षाकडे आली.

५ मे २०११ च्या निवडणुकीने कौन्सिलची खरी कसोटी घेतली. हुजूर पक्ष २७, मजूर पक्ष २६ आणि इतर ३ असा निकाल लागला. बहुमताला २९ हवे होते, ते कोणाकडेच नव्हते. हुजूर पक्षाने अल्पमतात कारभार सुरू केला, पण वर्ष संपण्याआधीच त्यांचा एक सदस्य बाहेर पडला आणि डिसेंबरमध्ये सत्ता मजूर पक्षाकडे गेली. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदा नाही. पक्ष सोडला तरी सदस्यत्व जात नाही, पोटनिवडणूकही लागत नाही. त्यामुळे एका माणसाच्या मनावर अख्ख्या कौन्सिलचा कारभार ठरू शकतो. मतदाराने कोणाला कौल दिला आणि खुर्चीवर कोण बसले, यांतले हे अंतर लोकांना खुपल्याशिवाय कसे राहील?

त्यातच कौन्सिलची पत घसरत गेली. २०१३ मध्ये कौन्सिलच्या एका माजी नेत्याला, म्हणजे कारभाराच्या माजी प्रमुखाला, पदाच्या गैरवापरासाठी तुरुंगवास झाला. त्याच वर्षी रॅम्सगेट बंदरातली फेरी कंपनी बुडाली आणि तिला दिलेल्या सवलतीपोटी कौन्सिलचे ३३ लाख पौंडांहून अधिक येणे अडकले. १५ मे २०१४ रोजी मॅन्स्टनचा विमानतळ बंद झाला. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांचा तळ असलेली ही धावपट्टी स्थानिक लोकांच्या अभिमानाचा भाग होती. विमानतळ चालू करा, नाहीतर सक्तीने संपादन करून दुसऱ्याला द्या, या मागणीने घरोघरी मूळ धरले. युरोपीय संघावरचा राग होताच, पण थॅनेटमध्ये त्याला असे घरचे सरपण मिळाले. मे २०१३ मध्ये केंट काउंटीच्या निवडणुकीत थॅनेटमधल्या आठपैकी सात जागा युकिपने जिंकल्या, तेव्हाच पुढचे चित्र दिसू लागले होते.

७ मे २०१५ रोजी पार्लमेंट आणि डिस्ट्रिक्ट यांचे मतदान एकाच दिवशी झाले. साउथ थॅनेटमधून खुद्द युकिपचे नेते नायजेल फराज उभे होते. ते हुजूर पक्षाच्या क्रेग मॅकिन्ले यांच्याकडून २,८१२ मतांनी हरले. हा निकाल आधी लागला आणि वार्ताहरांचा ताफा परतीच्या वाटेला लागला. डिस्ट्रिक्टची मोजणी नंतर पूर्ण झाली. युकिप ३३, हुजूर पक्ष १८, मजूर पक्ष ४ आणि इतर १. मजूर पक्ष तर जवळजवळ पुसलाच गेला. बऱ्याचशा त्याच मतदारांनी, एकाच दिवशी, फराज यांना नाकारले आणि त्यांच्या पक्षाला स्थानिक सत्ता दिली. स्थानिक मतदार देशाच्या प्रश्नांपुरताच मत देतो, या समजुतीला यापेक्षा ठळक उत्तर नाही.

ख्रिस वेल्स कौन्सिलचे नेते झाले. विमानतळाच्या संपादनासाठी खर्चाची हमी घेणारा भागीदार लागत होता. पुढे आलेल्या अमेरिकी कंपनीबरोबर जाण्यास वेल्स यांच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१५ मध्ये नकार दिला. अर्थात, आधीच्या मजूर पक्षाच्या कारभाऱ्यांनीही त्या कंपनीला नकारच दिला होता. पण ज्या आश्वासनावर निवडून आलो तेच मोडले, असे म्हणत युकिपचे काही सदस्य बाहेर पडले आणि सहा महिन्यांत बहुमत गेले. २०१६ मध्ये ते परत मिळाले, पण गट सांधला नाही. जानेवारी २०१८ मध्ये स्थानिक आराखडा सभागृहापुढे आला. त्यात मॅन्स्टनच्या जागेवर घरे व इतर बांधकामाला वाट मोकळी होणार होती. सभागृहाने तो फेटाळला. वेल्स पायउतार झाले, युकिपचा गट फुटला, आणि मार्चमध्ये हुजूर पक्षाचे बॉब बेफर्ड नेते झाले. आराखडा वेळेत न केल्याबद्दल केंद्र सरकारने थॅनेटला आधीच ताकीद दिली होती. थॅनेटचा हा आराखडा अखेर २०२० मध्ये मंजूर झाला.

२ मे २०१९ च्या निवडणुकीत युकिपला एकही जागा मिळाली नाही. हुजूर पक्ष २५, मजूर पक्ष २०, थॅनेट इंडिपेंडंट्स ७, ग्रीन पक्ष ३ आणि अपक्ष १ अशी त्रिशंकू कौन्सिल आली. चार वर्षांत नेतेपद हुजूर पक्षाकडून मजूर पक्षाच्या रिक एव्हरिट यांच्याकडे आणि २०२१ मध्ये पुन्हा हुजूर पक्षाकडे गेले. ४ मे २०२३ रोजी मतदारांना इंग्लंडभर पहिल्यांदाच छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवावे लागले. त्या दिवशी मजूर पक्षाने ३० जागा घेऊन स्पष्ट बहुमत मिळवले. हुजूर पक्षाला १७, ग्रीन पक्षाला ७ आणि इतरांना २ जागा मिळाल्या. एव्हरिट पुन्हा नेते झाले.

डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटिश सरकारने दुपदरी रचना मोडून एकस्तरीय कौन्सिली आणण्याचे धोरण जाहीर केले. केंटही त्यात येते. मे २०२५ मध्ये केंट काउंटीच्या ८१ पैकी ५७ जागा फराज यांच्याच नव्या रिफॉर्म यूके पक्षाने जिंकल्या. ही पुनर्रचना पार पडली, तर १९७३ पासून चालत आलेली थॅनेट डिस्ट्रिक्टची स्वतंत्र निवडणूक बंद होईल आणि मार्गेट, रॅम्सगेट, ब्रॉडस्टेअर्स ही शहरे आणखी मोठ्या कौन्सिलचा भाग बनतील.