परसातली क्लेमाटिस आणि घाटातली मोरवेल

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या परसात मी एकदा जॅकमनी जातीची क्लेमाटिस लावली होती. फोटोतली जांभळी, बशीएवढी फुलं बघून जीव रमला होता. मेपर्यंत वेल कशीबशी तगली. जूनच्या सरी लागल्या, कुंडीत चिखल झाला आणि आठवड्याभरात मुळं काळी पडून कुजली. ही वेल कुठल्या मातीतून आली आहे हे तेव्हा ठाऊक असतं, तर मी तिला इथे आणलंच नसतं.

क्लेमाटिसच्या सुमारे ३०० जाती जगभर रानात वाढतात. फूल म्हणून आपण जे बघतो त्यात खऱ्या पाकळ्या नसतात. रंगीत निदलंच, म्हणजे एरवी कळीला बाहेरून झाकणारी हिरवी दलं, इथे पाकळ्यांचं काम करतात. युरोपात बागेसाठी आधी आली ती दक्षिण युरोपातली व्हिटिसेला. १५६९ च्या सुमारास ती इंग्लंडमध्ये पोचली. तिची फुलं लहान, मान खाली घातलेली. पुढे १८३१ मध्ये हिमालयातली माँटाना तिकडे गेली. ती नेण्याचं श्रेय गव्हर्नर जनरलची पत्नी लेडी अ‍ॅमहर्स्ट यांना दिलं जातं. जपानमधून सीबोल्ट या जर्मन वैद्य-संशोधकानं पेटन्स नेली आणि १८५० मध्ये रॉबर्ट फॉर्च्यूननं चीनमधून रुंद फुलांची लॅन्युजिनोसा. चिनी चहाची रोपं हिंदुस्थानात आणणारा फॉर्च्यून तो हाच.

मग इंग्लंडमधल्या वोकिंगच्या जॅकमन रोपवाटिकेत १८५८ मध्ये लॅन्युजिनोसा आणि व्हिटिसेलाच्या वाणांचा संकर झाला. तीच ही जॅकमनी. १८६२ मध्ये त्याला फुलं आली आणि इंग्लंडला या वेलीचं वेडच लागलं. ते फार काळ टिकलं नाही. बहरलेली वेल एका रात्रीत माना टाकू लागली. बुरशीमुळे येणारा हा मर रोग मोठ्या फुलांच्या संकरांनाच जास्त झोडपतो. रोप कुंडीतल्यापेक्षा चार बोटं खोल लावायचं ही चाल त्यासाठीच आहे: वरचा भाग मेला तरी जमिनीखालच्या डोळ्यांतून नवी फूट निघते.

छाटणीचं कोडंही या वंशावळीतच सुटतं. जॅकमनी नव्या फांदीवर फुलते, म्हणून तिकडे हिवाळा सरताना तिला खाली छाटतात. माँटाना गेल्या वर्षीच्या फांदीवर फुलते. तिला तशी छाटलीत तर त्या वर्षीचा बहरच गेला. या वेलींना थंडीतली विश्रांती लागते, मुळं गार आणि डोकं उन्हात लागतं. यातली थंडी गोव्यात कुठून आणायची?

आणि तरीही क्लेमाटिस आपल्याला परकी नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. पश्चिम घाटातली मोरवेल, शास्त्रीय नाव क्लेमाटिस गौरियाना, हिचीच बहीण. कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांनी दिलेलं हे नाव बंगालच्या जुन्या राजधानीवरून, गौडवरून, आलं. पाऊस सरला की हिला बारीक, मलईच्या रंगाच्या फुलांचे झुबके येतात. जवळ जाऊन पाहा: हिला तणावे नसतात, पानाचा देठच काटकीला वेढा घालतो. डार्विननं १८६५ मध्ये वेलींवर लिहिताना देठांनी चढणाऱ्यांत क्लेमाटिसच आधी घेतली होती.

सत्तरी तालुक्यातल्या एका ओळखीच्या कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, कडेची मोरवेल बियांवर आली होती, तिचं बी मी आणलं. ते सावकाश रुजलं. रोप चिऱ्यांच्या गडग्याच्या सावलीच्या बाजूला, पाणी साचणार नाही अशा उंचवट्यावर लावलं आणि बुंध्याशी पालापाचोळा घातला. बी झडलं की एप्रिलमध्ये मी ती छाटते, हातमोजे घालूनच, कारण ताज्या रसानं कातडीवर फोड येतात. दोन पावसाळे तिनं काढले. आता गडग्यावर लांब पिसांच्या शेपट्या असलेलं बी पिंजून आलंय, आणि वारा आला की एकेक सुटून शेजारच्या माडांकडे जातंय.