नावाआधीचा ‘कर्नल’: मानद हुद्दा आणि स्वयंसेवक अधिकाऱ्याचं कमिशन

महेंद्रसिंग धोनी लेफ्टनंट कर्नल आणि अनुराग ठाकूर कॅप्टन. नुसते हुद्दे पाहिले तर धोनी दोन पायऱ्या वर. दोघेही टेरिटोरियल आर्मीचे, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सैन्यात सेवा करणाऱ्यांच्या दलाचे, दोघांचं पोटापाण्याचं काम वेगळंच, त्यामुळे गणवेशातले फोटो पाहून आपण दोघांना एकाच रांगेत बसवतो. पण धोनीला २०११ मध्ये मिळाला तो मानद हुद्दा, आणि ठाकूर यांना २०१६ मध्ये लेफ्टनंट म्हणून मिळालं ते कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक. गंमत म्हणजे तेव्हा ठाकूर क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते! मानद हुद्द्यासाठी आधीच नाव झालेलं असावं लागतं. कमिशनसाठी कितीही नाव असलं तरी परीक्षा चुकत नाही.

हा गोंधळ जुना आहे. उद्योग, स्वयंसेवक पलटण आणि राजकारण ही तिन्ही एकाच आयुष्यात आली की तो हमखास होतो. दोन माणसं बघा.

पहिला, कर्नल जॉन थॉमस नॉर्थ. १८४२ साली लीड्सजवळ जन्मला, तरुणपणी यंत्रकारखान्यात उमेदवारी केली. वाफेचे नांगर बनवणाऱ्या फाउलर कंपनीच्या कामासाठी तो दक्षिण अमेरिकेत गेला. तिथल्या इकीके बंदराभोवती नुसतं वाळवंट, प्यायच्या पाण्याची मारामार. नॉर्थ पाण्याच्या धंद्यात शिरला, मग नायट्रेट या क्षाराच्या. खतासाठी आणि स्फोटकांसाठी युरोपला नायट्रेट हवंच होतं. १८७९ मध्ये चिलीचं पेरू आणि बोलिव्हियाशी युद्ध पेटलं आणि नायट्रेट कारखान्यांवरचे पेरू सरकारचे रोखे मातीमोल झाले. नॉर्थ आणि त्याच्या साथीदारांनी ते पडत्या भावात गोळा केले. युद्धात चिलीची सरशी झाली, तो मुलुख चिलीकडे आला, आणि चिली सरकारने ठरवलं की रोखा ज्याच्या हातात, कारखाना त्याचा. नॉर्थ ‘नायट्रेटचा राजा’ झाला.

यात ‘कर्नल’ कुठे आला? लंडनच्या पूर्व भागातल्या टॉवर हॅम्लेट्समध्ये स्वयंसेवकांची इंजिनिअर पलटण होती, तिने त्याला मानद कर्नल केलं. असा मानद कर्नल म्हणजे पलटणीचा आश्रयदाता. कवायतीत हुकूम सोडायला दुसरा अधिकारी असायचा. लोक मात्र त्याला कायम कर्नल नॉर्थच म्हणत राहिले. जानेवारी १८८९ मध्ये लंडनच्या हॉटेल मेट्रोपोलमध्ये त्याने वेशांतराचा मोठा नाच ठेवला आणि स्वतः आठव्या हेन्रीचा पोशाख चढवून उभा राहिला. मला तर वाटतं, कर्नलचा गणवेशही त्याने याच हौसेने घातला असावा. १८९५ मध्ये वेस्ट लीड्समधून संसदेसाठी उभा राहिला, समोर माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा मुलगा हर्बर्ट. फक्त ९६ मतांनी पडला. पुढच्या वर्षी वारलाच.

दुसरा, हॅरी ट्रुमन. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष म्हणून तो सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधी तो शेतकरी होता, दुकानदार होता आणि मिसुरी राज्याच्या नॅशनल गार्ड या अर्धवेळ सैन्यदलातला स्वयंसेवक होता. १९०५ मध्ये भरती झाला. डोळे इतके अधू की चष्म्याशिवाय चालायचं नाही. दृष्टितपासणीचा तक्ता पाठ करून तो उत्तीर्ण झाला असं सांगतात. १९११ मध्ये बाहेर पडला आणि १९१७ मध्ये तेहतिसाव्या वर्षी परत आला. तेव्हा तिथे शिपाई मत देऊन आपले अधिकारी निवडत. त्यांनी ट्रुमनला लेफ्टनंट केलं. फ्रान्समध्ये तो कॅप्टन म्हणून तोफखान्याच्या ‘डी’ बॅटरीवर, म्हणजे तोफांच्या तुकडीवर, गेला. ही बॅटरी वांड म्हणून प्रसिद्ध होती. ऑगस्ट १९१८ मध्ये रात्री जर्मन गोळे पडू लागले तशी माणसं पळत सुटली, आणि ट्रुमनचा घोडा खड्ड्यात कोसळून त्याच्या अंगावर पडला. त्याच्याखालून बाहेर निघून त्याने पळणाऱ्यांना अशा काही शिव्या हासडल्या की ते परत आले.

युद्धानंतर सैन्यातला सोबती एडी जेकबसन याच्याबरोबर त्याने कॅन्सस सिटीत पुरुषांच्या कपड्यांचं दुकान टाकलं. मंदी आली, १९२२ मध्ये दुकान बसलं. दिवाळं न काढता ट्रुमनने वर्षानुवर्षं कर्ज फेडलं. त्याच साली तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, निवडणुकीला उभा राहिला. बॅटरीतली जुनी माणसं त्याच्यासाठी राबली, आणि तो निवडून आला. राखीव दलात तोही पुढे कर्नल झाला. म्हणजे पाटीवर दोघंही कर्नल: एक पैसा आणि प्रसिद्धी आल्यावर झालेला, दुसरा पायरी पायरीने चढलेला.

आपली टेरिटोरियल आर्मी ट्रुमनच्या वाटेची. ती ९ ऑक्टोबर १९४९ रोजी सुरू झाली. अर्जदाराचं वय १८ ते ४२, आणि मुख्य अट अशी की स्वतःची कमाई हवी. इथे नोकरी किंवा धंदा आड येत नाही, तीच पात्रता. मग लेखी परीक्षा, मुलाखत, एसएसबी (सैन्याच्या निवड मंडळाची चाचणी), वैद्यकीय तपासणी. निवड झाल्यावर दरवर्षी ठरावीक काळ प्रशिक्षण, आणि पगार फक्त कर्तव्यावर असतानाचा. मानद अधिकाऱ्याला यातलं काही बंधनकारक नाही. अर्थात काहीजण आपणहून करतात: धोनीने २०१५ मध्ये आग्ऱ्याला विमानातून पाच उड्या मारून पॅराट्रूपरचा बिल्ला मिळवला. हा बिल्ला मात्र मानद नाही.

आणि आता गाडी जरा उलटी फिरवतो. साताऱ्याकडच्या फौजी गावांत दारावर ‘ऑनररी कॅप्टन (निवृत्त)’, म्हणजे मानद कॅप्टन, अशी पाटी दिसली तर तिला धोनीच्या खात्यात टाकू नका. हा माणूस शिपाई म्हणून भरती झालेला असतो. नाईक, हवालदार, नायब सुभेदार असं करत, अख्खी नोकरी संपत आल्यावर २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत त्याचं नाव येतं. सियाचिनच्या शिखरावर चढून परमवीर चक्र मिळवणारे बाना सिंग यांच्या नावाआधीही हेच लागतं: ऑनररी कॅप्टन.