वाळू पाय ओढते तेव्हा

अलिबाग असो की गुहागर, किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस आपसूक पाण्यालगतच्या ओल्या पट्ट्यावर येतो. कोरड्या वाळूत थोडं चाललं तरी पोटऱ्या भरून येतात. त्याच कोरड्या वाळूत, अनवाणी, बीच सॉकरचा, म्हणजे वाळूवरच्या फुटबॉलचा, विश्वचषक खेळला जातो. ११ मे २०२५ला सेशेल्समध्ये ब्राझीलने अंतिम सामन्यात बेलारूसला ४-३ असं हरवलं. आदल्याच दिवशी दोघांचे उपांत्य सामने झाले होते.

वाळूत दमायला का होतं? डांबरी रस्त्यावर धावताना टाचेमागची धोंडशीर रबरासारखी ताणली जाते आणि साठलेली ऊर्जा पुढच्या पावलाला परत देते. वाळूत पाय रुततो, कण एकमेकांवर घासत सरकतात आणि ऊर्जेचा मोठा वाटा तिथेच उष्णता होऊन विरतो. दिलेलं परत मिळत नाही! बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली हे मोजलं: कडक जमिनीच्या तुलनेत वाळूत धावायला सुमारे १.६ पट ऊर्जा लागते, आणि चालायला २.१ ते २.७ पट. म्हणजे फिरायला गेलेल्या आपल्यासारख्यांनाच भुर्दंड जास्त. ओल्या वाळूत मात्र कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं, म्हणून ती पायाखाली इतकी खचत नाही.

मैदानावर ही वाळू किमान ४० सेंटिमीटर खोल असावी लागते. एवढ्या वाळूत ९० मिनिटं कोण पळणार? म्हणून खेळ १२ मिनिटांच्या तीन डावांचा, प्रत्येक बाजूला गोलरक्षकासह पाचच जण, मैदान जेमतेम ३५ ते ३७ मीटर लांब आणि बदली खेळाडू हवे तितक्या वेळा. बरोबरी झाली तर जादा वेळही फक्त ३ मिनिटांचा, मग पेनल्टी.

चेंडूची गत तीच. खड्ड्या-उंचवट्यांवर तो सरळ घरंगळत नाही, कुठेही उडतो. म्हणून खेळाडू त्याला हवेतच ठेवतात, आणि फ्री किकच्या आधी पायाने वाळूचा छोटा ढीग करून चेंडू त्याच्यावर ठेवतात. पाय उघडे असल्यामुळे चेंडूतली हवाही कमी, ०.४ ते ०.६ वायुमंडल दाबाची. गवतावरच्या फुटबॉलला ती १.१पर्यंत चालते.

पण ऊर्जा गिळणारी हीच वाळू एका जागी खेळाडूच्या बाजूने उभी राहते. पाठीवर झोकून देत मारलेली बायसिकल किक इथे सारखी दिसते. एक मीटरवरून पडलेलं शरीर जमिनीवर आदळतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४.४ मीटरच्या आसपास असतो. ते एका सेंटिमीटरमध्ये थांबलं तर हाडं बोलतील. वाळूने पाच सेंटिमीटर वाट दिली, तर सरासरी धक्का पाचपट कमी. खेळाडू पाठ झटकतो आणि पुन्हा पोटऱ्या झिजवायला लागतो.