वळवाचा ढग आणि विमानाची वाट

मे महिन्यात दुपारी नाशिकच्या गच्चीवरून त्र्यंबकच्या दिशेला पाहिलं, तर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग वर चढताना दिसतो. थोड्या वेळात त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला, की समजावं, स्वारी 12-15 किलोमीटरवर पोचली. प्रवासी विमानं उडतात 10-11 किलोमीटरवरून. ढगाच्या पोटात गारा, विजा आणि वरखाली झोडपणारे वारे असल्यामुळे तीव्र वादळापासून 20 नॉटिकल मैल, म्हणजे 37 किलोमीटर, लांब राहायचा सल्ला वैमानिकांना दिलेला असतो. असे तीन-चार ढग रांगेत उभे राहिले, की पूर्वेकडून मुंबईला येणारी वाटच बंद होते.

खरी अडचण वेळेची आहे. वळवाचा एकेक ढग साधारण तासाभरात विरतो. कोलकाता-मुंबई प्रवासाला मात्र अडीच तास लागतात. विमान सुटतं, तेव्हा त्याला अडवणारा ढग जन्मलेलाही नसतो. लागोपाठच्या रडार-चित्रांवरून ढग पुढे सरकवत नेण्याची जुनी रीत तासाभरापुरती ठीक चालते, पण नवा ढग कुठे उगवेल हे तिला सांगता येत नाही. मशीन लर्निंगचं, म्हणजे जुन्या नोंदींवरून स्वतः शिकणारं, मॉडेल रडारसोबत उपग्रहाची चित्रं, विजांच्या नोंदी आणि हवेतलं बाष्पही पाहतं, म्हणून त्याला इथे थोडी आघाडी मिळते.

मात्र एक खोड सांभाळावी लागते. सरासरी चूक कमीत कमी ठेवायला शिकवलेलं मॉडेल पुढच्या वेळेचं चित्र पुसट करत जातं. वादळ डावीकडे किंवा उजवीकडे जाणार असेल, तर ते दोन्हीकडे मिळून फिकट पाऊस रंगवतं. तसला पाऊस प्रत्यक्षात कुठेच पडत नाही, आणि विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. त्यापेक्षा अनेक ठसठशीत शक्यता काढाव्यात आणि त्यांतल्या किती शक्यतांमध्ये वाट बंद होते ते मोजावं.

आमच्या मते सर्वांत मोलाची कल्पना वेगळीच आहे: ढगाबरोबर वैमानिकाचाही अंदाज करायचा. अमेरिकेत एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेने विमानांचे ठरलेले आणि प्रत्यक्ष उडालेले मार्ग शेजारी ठेवून, वैमानिक कुठे वळतात हे तपासलं. त्यात विमानाच्या उंचीच्या तुलनेत ढगाचा माथा किती वर आहे, ही गोष्ट फार महत्त्वाची ठरली. त्यावरून वाट चालू राहण्याची शक्यता काढता येते, मग तासाला किती विमानं उतरतील याचा आकडा, आणि शेवटी प्रत्येक विमानाची सुटण्याची सुधारित वेळ. आकाशात घिरट्या घालत इंधन जाळण्यापेक्षा जमिनीवर थांबणं कधीही बरं.

मॉडेल तपासताना हमखास होणारी चूक म्हणजे एकाच दिवसाची चित्रं शिकवणी आणि परीक्षा या दोन्हींत वाटणं. दहा मिनिटांच्या अंतराची दोन चित्रं जवळपास सारखीच असतात, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. वाटणी अख्ख्या दिवसांची करावी.

नाशिकपुरती आणखी एक मेख आहे. मुंबईत कुलाब्याचं रडार इथून सरळ रेषेत सुमारे 160 किलोमीटरवर. क्षितिजापासून अर्धा अंश वर रोखलेला त्याचा झोत पृथ्वीच्या गोलाईमुळे नाशिकवर येईपर्यंत समुद्रसपाटीपासून जवळजवळ 3 किलोमीटर उंच गेलेला असतो. त्याच्या खाली काय चाललंय, ते त्या झोताला दिसत नाही. उंचावरून जाणाऱ्या विमानाला फरक पडत नाही. नाशिकच्या ओझर विमानतळावर उतरणाऱ्याला पडतो. म्हणून रडार-चित्रातल्या तिथल्या रिकाम्या चौकटींत शून्य भरू नये, ‘माहिती नाही’ अशी वेगळी खूण ठेवावी. नाहीतर मॉडेल त्याला निरभ्र आकाश समजून बसतं.