फियाटच्या स्टीअरिंगमधली सहा मिलिमीटरची सळई

जुन्या गाड्या बाळगणाऱ्या मंडळींच्या मोबाइलवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. तुमच्या व्हिंटेज गाडीला इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग बसवा, एका बोटाने गाडी वळवा, शिवाय पेट्रोलचीही बचत! यातलं बसवणं शक्य आहे. एक बोट ही अतिशयोक्ती असली तरी चालवून घेऊ. पेट्रोलची बचत मात्र शुद्ध थाप आहे.

या थापेचा उगम सापडतो. हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंगमध्ये तेलाचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो आणि गाडी नाकासमोर सरळ चालली असली तरी तो फिरतच राहतो. इलेक्ट्रिक मोटर गरजेपुरतीच वीज खाते, म्हणून हायड्रॉलिकच्या मानाने तिचा खर्च कमी. इथवर ठीक. पण प्रीमियर पद्मिनीत पंप होता कुठे? तिथे तुमचे दंड काम करत होते आणि दंडांना पेट्रोल लागत नव्हतं. आता ते काम वीज करणार, वीज डायनामो बनवणार आणि डायनामोला इंजिन फिरवणार. तेव्हा खर्च झालाच तर वाढेल. पेट्रोलच्या नळीला लोहचुंबक बांधून मायलेज वाढवणारे आणि चाकाखाली लिंबू ठेवून अपघात टाळणारे लोक याच बाजारातले गिऱ्हाईक आहेत, त्यामुळे जाहिरात खपते यात नवल नाही.

असो. लिंबू जिथे चिरडतं तिथपासूनच सुरुवात करू, कारण स्टीअरिंगचं जडपण तिथेच जन्मतं.

आपल्याकडची ठरलेली जुनी गाडी म्हणजे फियाट. मुंबईच्या कुर्ल्यात 1964 पासून बनलेली 1100 डिलाइट, पुढे तीच पद्मिनी. वजन साधारण 900 किलो. दोन माणसं बसली की पुढच्या एकेका चाकावर 230 किलोच्या आसपास भार येतो, म्हणजे सुमारे 2250 न्यूटन. टायरमध्ये 24 पीएसआय, अर्थात 1.65 लाख पास्कल दाबाची हवा आहे. भाराला दाबाने भागा: टायर जमिनीला जेमतेम 136 चौरस सेंटिमीटर टेकलेला असतो, साधारण 14 बाय 10 सेंटिमीटरचा तुकडा. उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवता तेव्हा हा रबराचा तुकडा डांबरावर जागच्या जागी पिळला जातो. आधी रबर वळतं, मग कडांपासून घसरू लागतं.

हा पीळ भाराच्या दीडाव्या घाताने वाढतो आणि हवेच्या दाबाच्या वर्गमुळाने कमी होतो, असं टायर अभियंत्यांचं एक जुनं अनुभवसिद्ध सूत्र आहे. त्यात वरचे आकडे घातले की एका चाकाला अंदाजे 60 न्यूटन-मीटर (फिरवण्याच्या जोराचं, म्हणजे टॉर्कचं, एकक), दोन्हींना मिळून 120 लागतात. दांड्याच्या तळाशी असलेली दातेरी चाकांची पेटी, म्हणजे स्टीअरिंग बॉक्स, हे ओझं सोळाएक पटीने हलकं करतो. पण जुन्या वर्म-रोलर बॉक्समध्ये (वर्म म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला दांडा) घर्षणच बरंच असल्याने हातापर्यंत 11-12 न्यूटन-मीटर पोचतात. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टीअरिंगच्या कडेवर हा जोर सहा किलो वजनाएवढा होतो. तरुणपणी त्याचं काही वाटत नाही. सदाशिव पेठेतल्या बोळात दोन स्कूटर आणि एका टपरीच्या मधे गाडी घालताना, साठीनंतर, खांदा बोलू लागतो.

ड्रायव्हिंग शिकवणारे 'उभ्या गाडीत स्टीअरिंग पिळू नका, जरा हलवत फिरवा' म्हणून ओरडतात ते याच कारणासाठी. चाक थोडं जरी पुढे सरकलं तरी जमिनीला टेकलेला रबराचा प्रत्येक भाग पुरता पिळायच्या आत वर निघून जातो आणि नवा, न पिळलेला भाग त्याची जागा घेतो. जोर एकदम उतरतो.

म्हणून जाहिरातीतल्या किटवर पैसे ओतण्याआधी हवा तपासा. 24 ऐवजी 16 पीएसआय असेल तर सूत्राप्रमाणे स्टीअरिंग 22 टक्के जड होतं. किंगपिनला, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिला, शेवटचं ग्रीस कधी मारलं होतं, बॉक्समध्ये तेल आहे का, नायलॉन टायर काढून रुंद रेडियल चढवलेत का, हेही बघा. अर्ध्या गाड्यांचा आजार एवढ्यानेच बरा होतो. एवढं करूनही हात भरून येत असतील तर मोटरचा विचार करावा.

मोटर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर खेळण्यातली गाडी येते: बटण दाबलं, मोटर फिरली. इथे बटण नाही. तुम्हाला कुठे वळायचंय हे यंत्राला ठाऊक नसतं, ठाऊक असण्याची गरजही नसते. त्याला फक्त एकच गोष्ट कळते, तुमचा हात किती जोर लावतो आहे. ते कळण्याची युक्ती मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात देखणी वाटते.

जुन्या बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून इलेक्ट्रिक स्टीअरिंगचा एखादा कॉलम, म्हणजे मोटरसकट स्टीअरिंगचा दांडा, आणून उघडलात, तर वरचा आणि खालचा दांडा एकसंध नाही हे दिसेल. दोन्ही मधे तुटक आहेत आणि त्यांना जोडते ती पोकळीतून गेलेली एक बारीक पोलादी सळई. जाडी पेन्सिलीहून किंचित कमी, दोन्ही टोकांना आडवी पिन मारलेली. हाच टॉर्शन बार. शाळेतल्या प्रयोगशाळेत ताणकाट्याला वजन अडकवलं की स्प्रिंग किती लांबली यावरून वजन कळायचं, तसा हा पिळाचा ताणकाटा. वरून हात फिरवतो, खालून टायर अडवतो आणि मधली सळई जराशी पिळली जाते. किती पिळली ते मोजलं की हाताचा टॉर्क कळला.

जराशी म्हणजे किती? समजा सळई 6 मिलिमीटर जाड आणि तिची पिळली जाणारी लांबी 80 मिलिमीटर आहे. पोलादाचा दृढता गुणांक धरून हिशेब केला की दर अंशाला सुमारे 2.2 न्यूटन-मीटर येतात. आरामात फिरवणारा हात 3 न्यूटन-मीटर लावतो, म्हणजे सळई दीड अंशसुद्धा पिळली जात नाही. हाताला ही फट जाणवत नाही, सेन्सरला मात्र ती सताड उघडी दिसते. आणखी एक गंमत: सळईचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. सळई फक्त 10 टक्के जाड केली तर ती 46 टक्के जास्त ताठ होते. म्हणजे लेथवर अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की अख्ख्या गाडीच्या स्टीअरिंगचा स्वभाव बदलला. ही सळई कुणा मिस्त्रीकडून 'तशीच दुसरी' करून घेऊ नये. आणि ती तुटलीच तर? दोन्ही दांड्यांना खाचा असतात. चारपाच अंशांपलीकडे पीळ गेला की पोलादावर पोलाद टेकतं आणि हाताचा जोर थेट खाली जातो. 'वीज गेली की पॉवर स्टीअरिंग लॉक होतं' ही समजूत म्हणूनच निराधार आहे. स्टीअरिंग जड होतं, सुटत नाही आणि अडकतही नाही. अडकतं ते किल्ली काढल्यावरचं चोरप्रतिबंधक कुलूप, त्याचा इथे संबंध नाही.

सेन्सर एका वेळी दोन संदेश पाठवतो. बऱ्याच कॉलममध्ये हात मोकळा असताना दोन्ही तारांवर अडीच-अडीच व्होल्ट असतात. उजवीकडे पिळलं की एक वाढतो, दुसरा तेवढाच उतरतो, बेरीज पाचच राहते. बेरीज बिघडली की कंट्रोलर, म्हणजे मोटर चालवणारा छोटा संगणक, समजतो की एखादी तार खोटं बोलते आहे, आणि मोटर सोडून देतो. इतक्या कमी खर्चात इतकी चोख उलटतपासणी मी क्वचितच पाहिली आहे.

आता मोटर. तिच्या टोकाला पोलादी वर्म, त्यात अडकलेलं प्लास्टिकच्या दात्यांचं चाक आणि ते चाक खालच्या दांड्यावर. कंट्रोलर सेकंदाला शेकडो वेळा सळईचा पीळ वाचतो आणि मोटरला सांगतो: पीळ कमी कर. बस, एवढंच. 12 न्यूटन-मीटर हवेत, हात 3 देतो, मोटर 9 घालते. वर्मची घट 18 पट धरली तर मोटरला स्वतः अर्धा न्यूटन-मीटरच लागतो. तुम्ही थांबलात की सळई सरळ होते आणि मोटरही थांबते.

हे ऐकायला सोपं, करायला अवघड. मोटरचं जडत्व घटीच्या वर्गाने हातापर्यंत येतं: 18 चा वर्ग 324. म्हणजे मोटरचा एवढासा रोटर स्टीअरिंगला 324 पट जड भासतो. मदतीचं प्रमाण वाढवत नेलं की सळईची स्प्रिंग आणि हे जडत्व यांचा झोका तयार होतो. कंट्रोलरचा हुकूम क्षणभर उशिरा पोचतो आणि उशीर झोक्याच्या अर्ध्या आवर्तनाएवढा झाला की मदत उलटी पडते. हात सोडताच स्टीअरिंग थरथरू लागतं. उपाय म्हणून पीळ किती आहे याच्या जोडीला तो किती वेगाने बदलतो आहे हेही मोजतात, म्हणजे गणिताच्या भाषेत त्याचं अवकलन, आणि हुकूम थोडा आगाऊ देतात. याला फेज लीड म्हणतात. कॉलम ज्या गाडीसाठी बनला तिच्या टायरांना आणि घर्षणाला धरून हे आकडे बसवलेले असतात. फियाटच्या वर्म-रोलर बॉक्सचं घर्षण वेगळं. म्हणून उसना कॉलम कधी झक्क चालतो, तर कधी वळणानंतर स्टीअरिंग सरळ यायला आळस करतं.

उसना कॉलम मिळतो मात्र सहज. अमेरिकेत क्रायस्लरने 1951 मध्ये मोटारींना हायड्रॉलिक मदत आणली खरी, पण लहान गाडीच्या नशिबी पंप नव्हता. 1988 मध्ये जपानी सुझुकी सर्वो या चिमुकल्या गाडीत कॉलमवरची विजेची मदत आली. तोच वंश पुढे मारुतीच्या लहान गाड्यांतून आपल्या भंगारापर्यंत पोचला.

फियाटमध्ये तो घालणं ही वेगळी कसरत. तिचा दांडा एकसंध, थेट बॉक्सपर्यंत गेलेला, आणि हँड गिअर असल्याने गिअरची दांडीही त्याच्याच अंगाला. मधे मोटर बसवायची तर दांडा कापावा लागतो, युनिव्हर्सल जॉइंट घालावे लागतात. इथे नुसतं वेल्डिंग मारून काम उरकणारा मिस्त्री दिसला तर गाडी तिथून काढून घ्या. वेल्डच्या कडेचं पोलाद तापून ठिसूळ होऊ शकतं आणि तडा आतल्या आत वाढत जातो. स्प्लाइनचे, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या खाचांचे, कपलिंगच वापरावेत. मोटरच्या ब्रॅकेटलाही कमी लेखू नका. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे मोटर दांड्याला जितकं फिरवते तितकाच तिचा सांगाडा उलट फिरू पाहतो. तो जोर डॅशबोर्डच्या पातळ पत्र्यावर टाकून चालत नाही. (अँबॅसिडरवाल्यांना निदान बॉक्सची चिंता नाही, तिला पहिल्यापासून रॅक-पिनियन, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिच्यावर फिरणारं छोटं चाक, आहे, हे ऐकून तिचे मालकसुद्धा चकित होतात.)

जुन्या बॉक्सवर जास्त ताण येतो का? त्याच कामाला तेवढाच टॉर्क लागतो, तो हाताचा की मोटरचा हे बॉक्सला कळत नाही. पण चाक फुटपाथच्या कडेला टेकल्यावर माणसाचा हात कुरकुरून थांबतो. मोटर 20-25 न्यूटन-मीटर विनातक्रार देते आणि टाय रॉड पन्नास वर्षांचा असतो.

विजेचं म्हणाल तर जोर लावताना मोटर 30-40 अँपियर सहज ओढते. जुना डायनामो भर वेगात 20-25 देतो आणि इंजिन मंद चालू असताना जवळजवळ काहीच नाही, आणि पार्किंग तर मंद इंजिनवरच होतं. बॅटरी लगेच संपते असं नव्हे: 40 अँपियर दहा सेकंद घेतले तर 0.11 अँपियर-तासच जातात. पण जुनाट वायरिंगमध्ये तेवढ्यात व्होल्ट पडतात आणि कंट्रोलर रुसतो. बॅटरीपासून स्वतंत्र जाड केबल, तिच्यावर फ्यूज आणि जमलं तर अल्टरनेटर, ही किमान तयारी. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. त्यांना हा कॉलम सरळ जोडला तर धूर निघेल.

शेवटचा घोळ वेगाचा. वेग वाढला की मदत कमी व्हायला हवी, नाहीतर ऐंशीच्या वेगाला शिंक आली तरी गाडी लेन बदलेल. फियाटचा स्पीडोमीटर तारेवर चालतो, त्यातून विजेचा संदेश निघत नाही. मग किटवाले मदत कमी-जास्त करणारी एक खुंटी देतात. मला ती अजिबात पसंत नाही. पेठेत पूर्ण पिळलेली खुंटी साताऱ्याच्या वाटेवर कुणी आठवणीने उतरवत नाही. जीपीएसवरून वेग घेणारे जोडही मिळतात, पण कात्रजच्या नव्या बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, तेव्हा संदेश तुटल्यावर यंत्र काय करतं हे घेण्याआधी विचारा. मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टवर चुंबक आणि शेजारी ते ओळखणारा हॉल सेन्सर बसवणं सगळ्यात भरवशाचं.

कायद्याकडेही बघायला हवं. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. बदलांबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहेच. तेव्हा आरटीओत आधी विचारून घ्या. मूळ दांडा कापण्यापेक्षा दुसरा मिळवून त्याच्यावर काम करा आणि मूळ माळ्यावर जपून ठेवा.

सगळं बसल्यावर मोकळ्या मैदानात पॉवर स्टीअरिंगचा फ्यूज काढून गाडी दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ती पूर्वीपेक्षाही जड लागेल, कारण आता हाताला मोटर आणि वर्मही फिरवावे लागतात. घरातल्या ज्या ज्या माणसाच्या हाती किल्ली जाते, त्या प्रत्येकाला अशी एक फेरी मारायला लावा. कुणाला वळवता आली नाही, तर मोठी मोटर हा उपाय नाही, किटच वेगळं हवं.