कोराडीचा धूर आणि कुरवाचं पीस

नागपुरातून कोणत्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर दूर. झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून समुद्रपक्ष्यांची काळजी करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच वाटेल. पण आपल्याकडे पंख नसलेल्या काही चिमण्या आहेत, कोराडी आणि खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या. त्यांचा धूर समुद्रापर्यंत पोचतो.

दगडी कोळशात पारा असतो. फार थोडा, टनाला एक ग्रॅमही नाही. पण औष्णिक वीज केंद्रात रोज हजारो टन कोळसा जळतो आणि भट्टीच्या आचेत पाऱ्याची वाफ होते. त्यातला काही राखेला चिकटून जवळपासच राहतो. उरलेला वायुरूप पारा मात्र कित्येक महिने हवेत तरंगत राहतो. तेवढ्या वेळात तो पृथ्वीप्रदक्षिणा घालू शकतो. मग कुठेतरी पाण्यात उतरतो.

खरी गोम तिथे आहे. पाण्यातले आणि गाळातले काही जिवाणू या पाऱ्याचं मिथाइल पारा नावाच्या संयुगात रूपांतर करतात. हे संयुग शरीरात सहज शिरतं आणि बाहेर पडायला फार वेळ घेतं. प्लवकांकडून, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांकडून, छोट्या माशांत, त्यांच्याकडून मोठ्या माशांत, असा प्रत्येक पंगतीला त्याचा साठा वाढत जातो. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्या प्राण्याच्या अंगात तो पाण्यातल्या प्रमाणाच्या लाखो पट भरतो. अल्बाट्रॉस, कुरव (सीगल), पाणकावळे ही मासेखाऊ पक्षीमंडळी त्याच पंगतीतली. जपानच्या मिनामाटात कारखान्याच्या सांडपाण्यातल्या याच विषानं घात केला. तो आजार 1956 साली अधिकृतपणे नोंदला गेला, पण त्याआधीच तिथली मांजरं झटके येऊन मरत होती आणि पक्षी आकाशातून खाली पडत होते.

पक्ष्याकडे एक पळवाट असते, पिसं. वाढत्या पिसाला रक्तपुरवठा होतो, तेव्हा रक्तातला पारा केराटिनमधल्या, म्हणजे पीस ज्या प्रथिनाचं बनतं त्यातल्या, गंधकाला घट्ट धरून बसतो. पीस पूर्ण वाढलं की रक्ताची वाट बंद, पारा आत कैद. पुढे पीस गळलं की तेवढं ओझं उतरतं. मादीचा काही पारा अंड्यातही उतरतो. आईची सुटका आणि पिल्लाची सुरुवातच कर्जानं.

म्हणून पीस हा बंद पाकिटातला हिशोब ठरतो. कॅनडाच्या आर्क्टिक भागातल्या हस्तिदंती कुरवांची संग्रहालयातली पिसं तपासली गेली. 1877 ते 2007 या काळात त्यांतला मिथाइल पारा सुमारे 45 पट वाढला होता, आणि खाणं बदलल्याची चिन्हं मात्र नव्हती. अशा कामात एक मजेशीर अडचण येते. जुन्या काळी संग्रहालयवाले पेंढा भरलेल्या पक्ष्यांना कीड लागू नये म्हणून पाऱ्याचेच क्षार लावायचे! त्यामुळे सगळा पारा मोजून चालत नाही, मिथाइल पाराच वेगळा काढावा लागतो.

बाकी धातूंच्या तऱ्हा वेगळ्या. माकूळ (स्क्विड) खाणाऱ्या पक्ष्यांच्या मूत्रपिंडात कॅडमियम साठतं. प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावर जुन्या इमारतींच्या शिसंयुक्त रंगाचे पोपडे गिळून अल्बाट्रॉसच्या पिल्लांना शिशाची बाधा व्हायची, त्यांचे पंख लोंबकळायचे.

कोराडीतल्या पाऱ्याचा अमुक कण अमुक पिसात गेला, असं बोट दाखवता येत नाही. हवेत सगळ्यांचा पारा एक होतो. जबाबदारी झटकायला ही सोय फार उत्तम. तरी 2015 साली भारतात वीज केंद्रांच्या धुरातल्या पाऱ्याला घनमीटरमागे 0.03 मिलिग्रॅमची मर्यादा घातली गेली आणि 2018 साली आपण पाऱ्याला आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा करारालाही मान्यता दिली.

आणि धूर सोडला तरी पाण्याची वाट आहेच. नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, मग प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. या वाटेवर समुद्राच्या पुष्कळ आधी अंबाझरीसारख्या तळ्यांवर आपले पाणकावळे पंख पसरून उन्हात बसलेले असतात. त्यांचं गळलेलं एखादं पीस, वनखात्याची परवानगी काढून, प्रयोगशाळेत नेलं तर पक्ष्याला हातही न लावता त्याच्या ताटात काय पडतंय ते मोजता येतं.